पद्मिनीच्या डिकीत कोणता जॅक ठेवावा?

प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आली आहे. रविवारी सकाळी नागपुरातून निघून कधी रामटेक, कधी सेवाग्राम असा फेरफटका मारायचा बेत आहे. स्टेपनी आहे, पाना आहे, पण गाडीचा मूळ जॅक कधीच गहाळ झाला. दुकानदार म्हणतो पाच टनी बॉटल जॅक न्या, म्हणजे तेलाच्या दाबाने उचलणारा, बाटलीच्या आकाराचा. मित्र म्हणतो ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा. शेजारचे काका म्हणतात, घरातल्या मारुतीचा जॅक टाका डिकीत, चालून जातं. यातलं काय करावं?

आधी उत्तर देऊन टाकतो. डिकीत रुंद बुडाचा, सपाट डोक्याचा दीड टनी सिझर जॅक (कात्रीसारख्या तंगड्यांचा, आटा फिरवून उंच होणारा), फूटभर चौरस जाड फळी आणि चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे. ट्रॉली जॅकही घ्या, पण तो घरी राहील. पाच टनी बॉटल जॅक दुकानातच राहू द्या. काकांचा सल्ला अर्धा बरोबर आहे, त्याकडे पुढे येतो.

दुकानात जॅक टनांवर विकला जातो, म्हणून गिऱ्हाईकही टनांतच विचार करतं. तुमची पद्मिनी रिकामी असताना नऊशे किलोच्या आसपास भरते. पंक्चर काढताना आपण अख्खी गाडी उचलत नाही, एक कोपरा उचलतो. ॲक्सलखाली, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसाखाली, जॅक लावला तर अडीचशे किलोच्या आगेमागे भार येतो. बाजूने मधोमध उचललं तरी गाडीच्या निम्म्या वजनापलीकडे जात नाही. म्हणजे चांगल्या बनावटीचा दीड टनी जॅक भरपूर झाला. पाच टनी घेतल्याने ताकद वाढते, पण तिचा तुम्हाला उपयोग नाही. त्याच्यासोबत जॅकची बंद उंचीही वाढते, आणि घोडं अडतं ते तिथेच. दोन टनी बॉटल जॅक पूर्ण खाली बसवलेला असतानाही साधारण १६ ते १८ सेंटिमीटर उंच असतो. पाच टनी सहसा त्याहून उंच.

आता हिशेब करून बघू. पद्मिनीचं रिम १४ इंची. हवा असताना मागच्या ॲक्सलचा मध्य जमिनीपासून साधारण साडेअकरा इंचांवर असतो, तेव्हा खाली जॅक सहज सरकतो आणि माणूस खूश होतो. पण जॅक आपण हवा असताना लावत नाही. टायर पूर्ण बसला की गाडी जवळजवळ रिमवर येते. रिमचे अर्धे ७ इंच, त्याच्या कडेचा पाऊण इंच आणि खाली दुमडलेल्या रबराचा इंचभर थर, असं धरलं तर ॲक्सलचा मध्य पावणेनऊ इंचांवर येतो. त्यातून ॲक्सलच्या नळीची अर्धी जाडी वजा करा. उरले सव्वासात-साडेसात इंच, म्हणजे १८-१९ सेंटिमीटर. यू-बोल्टची (स्प्रिंग ॲक्सलला बांधणाऱ्या यू आकाराच्या बोल्टची) पट्टी किंवा शॉकॲब्सॉर्बरचा कान खाली लोंबत असेल तर त्याहून कमी. रस्ता थोडा उंचसखल निघाला आणि चाक नेमकं खळग्यात असलं, तर दोन टनी बॉटल जॅकही आत जाणार नाही. मग लोक काय करतात? हाताने माती उकरतात, नाहीतर बसलेलं चाक विटेवर चढवायला गाडी पुढेमागे करतात. तेवढ्यात ट्यूबचा भुगा होतो.

म्हणून जॅक घ्यायला जाण्याआधी घरी, अंगणात, एका मागच्या चाकाच्या वॉल्व्हची सुई काढा आणि हवा पूर्ण जाऊ द्या. गाडी बसली की टेप घेऊन तीन मापं घ्या: ॲक्सलखाली किती जागा उरली, स्प्रिंगच्या पट्टीखाली किती, आणि दारांखालच्या सिलजवळ जॅकच्या जागी किती. मग पुढच्या चाकाचंही असंच. मापं कागदावर लिहून दुकानात न्या. दुकानदार टनांचं बोलेल, तुम्ही सेंटिमीटरचं बोला. गाडी अशी जास्त वेळ उभी ठेवू नका, टायरच्या बाजूच्या भिंती चेपतात. मापं झाली की लगेच हवा भरा.

खालची उंची पाहिली, तशी उचल किती हवी तेही पाहा. नवं चाक हवा भरलेलं असतं, म्हणजे बसलेल्या चाकापेक्षा त्याला जास्त जागा लागते. ॲक्सलखाली जॅक लावला तर नऊ-दहा सेंटिमीटर उचलून काम भागतं, कारण तुम्ही चाकाची बैठकच थेट उचलता. बॉडीखाली, सिलजवळ लावला तर आधी बॉडी वर जाते, स्प्रिंग मोकळी होत होत चाक खालीच लोंबत राहतं, आणि बराच वेळ जॅक फिरवल्यावर कुठे चाक जमिनीवरून सुटतं. तेवढ्याच कामाला जवळजवळ दुप्पट उचल लागते आणि गाडी अंगावर आल्यासारखी कलते. दोन टनी बॉटल जॅकची तेलावरची उचल साधारण ११-१२ सेंटिमीटर, वरचा आट्याचा दांडा उघडला तर आणखी चार-पाच. बॉडीखाली ती कमी पडते. सिझर जॅक मात्र नऊ-दहा सेंटिमीटरपासून पस्तीसपर्यंत जातो. कमी जागेत शिरणारा आणि उंच जाणारा असा हाच एक जॅक डिकीत मावतो.

त्याचा दोषही सांगतो. सिझर जॅक अगदी खाली असतो तेव्हा त्याच्या तंगड्या जवळजवळ आडव्या असतात, आणि त्या स्थितीत तो सर्वांत जड फिरतो. पहिले पाच-सहा फेरे हात भरून येतो, मग हलका होतो. पहिल्याच झटक्यात 'हा जॅक बेकार आहे' म्हणून फेकणारे लोक मी पाहिले आहेत. खाली जाड फळी ठेवली की जॅकला तळापासून सुरुवात करावी लागत नाही, तंगड्या थोड्या उभ्या असतानाच भार येतो आणि काम सोपं होतं. आट्याला ग्रीस नसेल तर फळीनेही भागणार नाही, हे वेगळं.

आता जागा. जुन्या गाडीत कोणता जॅक याच्याआधी कुठे लावायचा हे ठरवावं लागतं, कारण कंपनीने दिलेली जागा अजून जागेवर असेलच असं नाही. पद्मिनीला वेगळी चासी (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा) नाही, बॉडीच सगळं तोलते. सिलच्या आतल्या पोकळ डब्यात पावसाचं पाणी आणि चिखल वर्षानुवर्षे साचतो. बाहेरून चकाचक रंग, खालून काळं अंडरकोटिंग, आणि आत पत्रा खाऊन बिस्किटासारखा झालेला. अशा जागी जॅक लावला की गाडी वर जात नाही, जॅकच पत्र्यात वर घुसतो. तपासायला जाड स्क्रू ड्रायव्हर पुरतो. त्याच्या मुठीने सिलच्या खालच्या बाजूला वीतभर अंतराने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो. गंजलेला बद्द वाजतो, आणि टोक टेकवून दाबलं तर अंडरकोटिंगची पापडी सुटून आतून तांबूस भुकटी पडते. भुकटी दिसली तिथे जॅक लावायचं नाव काढू नका, आधी डेंटरकडे जा. गाडी नुकतीच 'दुरुस्त' झाली आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मुद्दाम सांगतो: रंगकाम आणि पत्राकाम ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बिलात बहुतेक पहिलंच असतं.

मागच्या चाकासाठी माझी पसंती स्पष्ट आहे. ॲक्सलखाली, पाट्यांच्या स्प्रिंगच्या यू-बोल्टची जी सपाट पट्टी असते तिच्याजवळ. ही जागा गंजून मोडत नाही, आणि उचल कमी लागते. दोन गोष्टी बघा. ॲक्सलच्या नळीवरून ब्रेकची बारीक पोलादी नळी जाते, ती जॅकच्या डोक्यात चेपता कामा नये. आणि यू-बोल्टची टोकं खाली आलेली असतात, जॅकचं डोकं त्यांच्यावर नको, शेजारच्या सपाट भागावर हवं. ॲक्सलच्या मधोमध दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या गोळ्याखाली जॅक लावून दोन्ही चाकं एकदम उचलायचा मोह रस्त्यावर आवरा. हँडब्रेक मागच्याच दोन चाकांवर चालतो. दोन्ही हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही.

पुढच्या चाकाला मात्र लोअर आर्मखाली (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याखाली) सिझर जॅक लावायला मी सांगणार नाही. आर्म तिरका असतो, वर जाता जाता कोन बदलतो आणि डोकं सरकतं. तिथे खोलगट वाटीचा ट्रॉली जॅक ठीक, तोही घरच्या सपाट फरशीवर. रस्त्यावर पुढचं चाक बदलायचं तर चाकामागचा बॉडीचा मजबूत, दुहेरी पत्र्याचा भाग शोधून ठेवा आणि तिथे रंगाने खूण करा. रात्री कोंढाळीच्या पुढे मोबाईलच्या टॉर्चमध्ये गाडीखाली वाकून तो भाग शोधत बसायचा नसेल, तर पांढऱ्या रंगाचा बोटभर पट्टा फार उपयोगी पडतो.

इथे काकांचा मारुतीवाला जॅक. त्याची यंत्रणा हीच, म्हणून अर्धं बरोबर म्हटलं. पण नव्या गाड्यांच्या जॅकच्या डोक्यात बहुधा एक खाच असते. सिलखाली पत्र्याची जी उभी शिवण असते ती त्या खाचेत बसावी म्हणून. पद्मिनीच्या ॲक्सलखाली किंवा सपाट भागाखाली तेच डोकं खाचेच्या दोन कडांवर टेकतं आणि घसरायला तयार असतं. शिवाय हॅचबॅकच्या जॅकचं बूड अगदीच चिंचोळं. सिझर जॅकच घ्या, पण डोकं सपाट किंवा किंचित खोलगट आणि बूड तळहाताएवढं तरी रुंद असलेला.

आता नागपूरचा मुद्दा, आणि तो किरकोळ नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी जास्त तापते. हायड्रॉलिक, म्हणजे तेलावर चालणाऱ्या जॅकचं सगळं भवितव्य आतल्या रबरी सीलवर असतं. सील अशा उन्हाळ्यांत कडक होतात, चिरा पडतात, वरून जॅक डिकीत आडवा लोळत असतो, आणि तेल हळूहळू पाझरून गालिच्याखाली जिरतं. वर्षानुवर्षे कुणी हात लावत नाही. ज्या दिवशी लागतो त्या दिवशी दांडा वर-खाली होतो, गाडी जागची हलत नाही. किंवा त्याहून वाईट, गाडी वर जाते आणि तुम्ही नट काढत असताना सावकाश खाली येऊ लागते. गॅरेजमध्ये रोज वापरात असलेला हायड्रॉलिक जॅक उत्तम, कारण बिघाड लगेच लक्षात येतो. डिकीत वर्षभर झोपून एक दिवस जागं व्हायचं असेल तर आट्यांवर चालणारा जॅक बरा. बॉटल जॅकच ठेवायचा असेल तर तो उभा बांधून ठेवा, आणि वर्षातून दोनदा गाडी उचलून पंधरा मिनिटं तशीच सोडा. बोटभर जरी खाली आली तरी सील बदलून घ्या.

उन्हाचा दुसरा त्रास जमिनीला. दुपारी डांबर इतकं मऊ होतं की चपलेचा ठसा उमटतो. जॅकचं बूड समजा १० बाय साडेसात सेंटिमीटर, वर अडीचशे किलो भार. दर चौरस सेंटिमीटरला सव्वातीन किलोच्या वर दाब आला. फूटभर चौरस फळी खाली टाकली की तोच भार बारापट जागेवर पसरतो. पावसाळ्यात उमरेड रोडला किंवा काटोल रोडला कडेला उतरलात तर खाली काळी माती. वरून सुकलेली दिसते, आत लोण्यासारखी. तिथे फळीशिवाय कोणताही जॅक, कितीही टनी, सरळ खाली जातो आणि गाडी जागच्या जागी राहते. फळी सागाची इंच-सव्वा इंच जाड, नाहीतर चांगल्या प्लायचे दोन थर स्क्रूने एकत्र केलेले. विटेवर जॅक कधीच लावू नका. वीट भाराने फुटते, आणि फुटण्याआधी सांगत नाही.

शहरात सिमेंट रोड झाल्यापासून फळी बुडायची भीती कमी झाली, पण वेगळीच अडचण आली. रोडची कड आणि शेजारची माती यांत बऱ्याच ठिकाणी वीतभर फरक असतो. दोन चाकं वर, दोन खाली अशी गाडी तिरकी उभी करून जॅक लावू नका. पन्नास पावलं पुढे जाऊन सपाट जागा शोधा. ट्यूब गेली तर गेली, ती मिळते.

जॅक लावण्याआधी ठोकळे. 'गिअरमध्ये टाकलीये ना, मग कशाला?' असं बहुतेक जण विचारतात. मागचं एक चाक उचललं की गिअरचा भरवसा संपतो. डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सुलटं, इंजिन मात्र स्वस्थ बसतं. म्हणजे गिअरमध्ये असलेली गाडीही घरंगळू शकते. तिला धरतो तो फक्त उरलेल्या एका चाकाचा हँडब्रेक, आणि जुन्या गाडीचा हँडब्रेक किती धरतो हे मालकालाच माहीत. म्हणून तिरक्या समोरच्या चाकाला, म्हणजे डावं मागचं बदलत असाल तर उजव्या पुढच्याला, दोन्ही बाजूंनी ठोकळे. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. काढलेलं चाक सिलखाली आडवं सारून ठेवा, जॅक निसटला तर गाडी चाकावर येईल, तुमच्या हातावर नाही. आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली अंग घालायचं नाही. त्यासाठी गाडी टेकवायचे स्टँड असतात, आणि ते घरी असतात.

भार आल्यावर, चाक सुटायच्या आधी, एकदा थांबून जॅककडे मागून बघा. गाडीची एक बाजू वर जाते तेव्हा ती पलीकडच्या बाजूच्या चाकांभोवती फिरत असते, त्यामुळे जॅकचं डोकं हळूहळू आत ओढलं जातं. थोडा कल चालतो. बुडाची एक कड फळीवरून उचललेली दिसली तर खाली घ्या आणि पुन्हा लावा.

बाकी जुन्या गाड्यांचं झटपट सांगतो, कारण तुमच्या ओळखीत त्याही असतील. ॲम्बेसेडर जड, १५ इंची चाकं, मागे पाट्यांचीच स्प्रिंग, म्हणून ॲक्सलखालचा नियम तिलाही लागू. जागा थोडी जास्त मिळते, तिथे दोन टनी बॉटल जॅक सहसा आत जातो. विलीज जीपला चासी आणि ॲक्सल दोन्ही उंच, तिला बॉटल जॅक किंवा गिअरवाला उभा स्क्रू जॅक उत्तम. फक्त जुन्या विलीजच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, पाना भलतीकडे जोर लावून स्टड तोडू नका. स्टँडर्ड हेराल्डला वेगळी चासी आहे, पण तिचे बाजूला आलेले हात गंजतात. बॉडीने उचललं की मागची चाकं आत दुमडतात आणि मडगार्डमधून बाहेर यायला नाटकं करतात. फोक्सवॅगन बीटलला फूटबोर्डाखाली चौकोनी कान असतात, त्यांत खांबासारखा मूळ जॅक अडकतो. कान शाबूत असतील तरच वापरा. आणि बंपरला अडकवायचा अमेरिकन जॅक कुणाकडे शेव्हरले किंवा डॉजबरोबर आला असेल, तर रॅलीत टूलकिटमध्ये मांडायला ठेवा. पुन्हा क्रोम केलेला बंपर त्याने वाकला तर दुसरा मिळणार नाही, आणि तो जॅक बाजूच्या धक्क्याला अजिबात टिकत नाही.

तुम्हाला भंगारात पद्मिनीचा मूळ जॅक मिळाला तर जरूर घ्या, गाडीची शोभा आहे. पण आटे झिजलेला असेल तर त्यावर गाडी तोलू नका.

खरेदी करताना सिझर जॅक दुकानातच पूर्ण उघडून बंद करा. मधला आटा सरळ फिरतो की वेटोळा, हे डोळ्याला लगेच कळतं. तंगड्यांच्या सांध्यातले दात एकमेकांत बरोबर बसले पाहिजेत. एक बाजू पुढे गेली असेल तर डोकं तिरकं दिसतं, तो परत द्या. फिरवायचा दांडा लांब हवा. ॲक्सलखाली जॅक ठेवून दांडा गाडीच्या मागून बाहेर आला पाहिजे, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला हात बंपरवर आपटतो. दांडा आखूड असेल तर वेल्डरकडून वीतभर वाढवून घ्या, आणि तो डिकीत मावतो ना हे आधीच बघा.

पावसाळ्याच्या तोंडी आट्याला ग्रीस लावा, जुन्या गोणपाटात जॅक गुंडाळा आणि फळीसकट स्टेपनीच्या पोटात पट्ट्याने बांधून टाका. वाटेत खडखडला तर पट्टा सैल आहे.